अडकलेली दांडी

धाकटी जागी झाली तेव्हा थोरली तिच्या उशाशी बसली होती. धाकटीचा उजवा हात कोपरापर्यंत पट्ट्यांत गुंडाळलेला होता. जिथे बोटांचा उंचवटा दिसायला हवा, तिथे सपाट होतं.

"पाणी देऊ?" थोरलीने विचारलं.

"नको, मॅडम."

पेला थोरलीच्या हातातच राहिला. हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत ती सुपरवायझर होती आणि धाकटी तिच्याच हाताखाली, इस्त्रीच्या रोलरवर. बहिणीला सूट दिली असं कुणी म्हणायला नको, म्हणून तिने पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर बजावलं होतं, इथे ताई वगैरे काही नाही. इतरांना ती एकदा बोलायची तिथे धाकटीला दोनदा.

"आत्ता कोण आहे ऐकायला? ताई म्हण."

धाकटीने नजर छताकडे वळवली.

रोलरच्या तोंडाशी एक दांडी असते. चादर आत सारताना हात फार पुढे गेला की दांडीला लागतो आणि मशीन जागच्या जागी थांबतं. काल हात दांडीला लागला. मशीन थांबलं नाही.

"कधीपासून अडकत होती दांडी?"

"बरेच दिवस झाले."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?" आपला आवाज चढतोय हे थोरलीला जाणवलं. तिने तो खाली आणला. "का नाही सांगितलंस, बाळ?"

"सगळ्यांना माहीत होतं. मॅडमना सांगणार कोण, यावर आम्ही डबा खाताना हसायचो." धाकटी छताकडे बघत बोलत होती, रागाने नाही, हजेरी द्यावी तशी. "एकदा म्हटलं, मीच सांगते. तुमच्या केबिनच्या दारापर्यंत आले. तुम्ही मालकांना फोनवर सांगत होतात, माझ्या हाताखाली मशीन बंद पडत नाही. इतक्या खुशीत होतात. मग परत गेले."

"अगं, घरी तरी सांगायचंस."

"घरी लाँड्रीचा विषय काढायचा नाही, असं तुम्हीच म्हणाला होतात."

थोरली तिच्या केसांवरून हात फिरवायला गेली. हात जवळ येताना पाहून धाकटीने डोळे घट्ट मिटून घेतले.

दुपारी थोरली लाँड्रीत आली. दांडी दुरुस्त करायला मेकॅनिक अजून आला नव्हता. रोलर कुणीतरी पुसून लख्ख केला होता. सगळ्या जणी आपापल्या जागी उभ्या होत्या. एरवी ती केबिनच्या पायरीवरून बोलायची. आज खाली उतरून मळक्या चादरींच्या गाठोड्यावर बसली.

"बसा ना तुम्हीही."

कुणी बसलं नाही.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. हे वाक्य तिने रस्ताभर मनात घोकलं होतं. "मी तुम्हाला कधी तोंड उघडू दिलं नाही. आता सांगा, अजून कुठे काय बिघडलंय? मी कुणाला एका शब्दाने बोलणार नाही."

कुणी पायांकडे पाहिलं, कुणी घड्याळाकडे. तिची नजर धुलाईच्या ड्रमपाशी उभ्या असलेल्या बाईवर थांबली. उशीर झाला म्हणून थोरलीने तिला मागे एकदा दारातूनच परत पाठवलं होतं.

"काही नाही, मॅडम," ती बाई घाईने म्हणाली. "सगळं व्यवस्थित आहे."

"खरं सांगा गं. हात जोडते."

तिने खरोखरच हात जोडले. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. ओरडणाऱ्या मॅडमपुढे कसं उभं राहायचं, ते त्यांना ठाऊक होतं. ह्या मॅडमपुढे काय करायचं, ते कुणालाच सुचेना.

शेवटी घड्या घालणारी म्हातारी एक पाऊल पुढे आली. काल रुग्णवाहिका येईपर्यंत धाकटीचं डोकं तिच्याच मांडीवर होतं. थोरलीने मान वर केली. ही बोलेल.

"मॅडम," म्हातारी हलक्या आवाजात म्हणाली, "काम खोळंबलंय. रोलर सुरू करायचा का?"