इंजिनाचं दुखणं

वराळ्याच्या कैलासभाऊंची गाडी दोन महिन्यांत चौथ्यांदा बंद पडली. स्टिअरिंग धरून ते आणि मागून ढकलत त्यांची बायको शालन, असे दोघं विक्कीच्या गॅरेजपर्यंत आले. दारातच कैलासभाऊ ओरडले, "तीन सिलिंडरचं, हजार सीसीचं एवढंसं इंजिन, पर लय छळतंय! रोज पुसतो, कव्हर घालतो, कुणाला हात लावू देत न्हाई. घर ते तळेगाव स्टेशन, त्याच्या पुढं कधी नेली न्हाई. तरी आज प्लग गेले, उद्या बॅटरी गेली!"

विक्कीने तिन्ही प्लग काढून समोर धरले. काजळीने काळेकुट्ट झाले होते.

"भाऊ, इंजिनात काय बी खराबी न्हाई. दहा मिनिटं चालवून तुमी बंद करता. इंजिन नीट तापतच न्हाई, म्हणून काजळी धरते. बॅटरी बी भरत न्हाई. आठवड्यातून एकदा गाडी लांब पळवा."

"लांब? पेट्रोल काय फुकट मिळतं?"

"मग बसा दर महिन्याला प्लग बदलत."

कैलासभाऊ चरफडत स्टुलावर बसले. इतका वेळ पदराने घाम पुसत उभी असलेली शालन तेव्हा पहिल्यांदा बोलली.

"विक्की, हे समदं कागदावर लिहून दे बाबा. आन् माजं माहेर कुरवंड्याला हाय. तेवढं लांब पुरंल का रे?"