न ऐकलेलं नाव

यादगिरींनी स्कूटरच्या अंगावर बोटाने टकटक केली. आवाज पोकळ आला. "हे तर प्लास्टिक हाय की," ते म्हणाले आणि जणू ते प्लास्टिक तिनेच ओतलं असावं, असं मुलीकडे, संस्कृतीकडे पाहिलं.

विजेवरच्या सगळ्याच गाड्या अशा असतात, हे दुकानदार सिद्रामप्पांनी तिसऱ्यांदा सांगितलं. त्याआधी कारखाना कुठे आहे, बॅटरी कोण बनवतं, तीन वर्षांनी आरसा फुटला तर कुठे मिळेल, हे सगळं विचारून झालं होतं. उत्तरंही मिळाली होती. पण उत्तरं जितकी चटचट मिळाली, तितका यादगिरींचा संशय वाढला. पाठ करून ठेवल्याशिवाय इतकं भराभर कोण बोलतं?

असं पारखून घ्यायला ते टॉवेलांच्या व्यापाऱ्याकडून शिकले होते. घरी चार माग. त्यांवर विणलेले टॉवेल व्यापारी उलटेपालटे करायचा, दोरे ओढून बघायचा, नाक मुरडायचा आणि मगच घ्यायचा. पुढे त्या टॉवेलांना कुणाचं नाव लागतं, हे विचारायची पद्धत नव्हती. गोदामात आपला माल दुसऱ्याच्या मालात मिसळू नये म्हणून यादगिरी डाव्या काठात एक निळा दोरा तेवढा टाकत.

त्यांची नजर दुकानभर फिरत होती. खुर्च्यांवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. गाशा गुंडाळताना बरं पडावं म्हणूनच असेल. पाटीवरच्या ताज्या रंगाखालून जुन्या चपलांच्या दुकानाची अक्षरं डोकावत होती. सिद्रामप्पांनी दारातली स्वतःची गाडी दाखवली. ह्याच कंपनीची होती, चौदा हजार किलोमीटर पळालेली. आकड्यांचं काय, फिरवले की फिरतात, असं यादगिरींनी मनात म्हटलं.

त्यांचंही फार चुकत नव्हतं. गल्लीतल्या मंजुनाथने तीन वर्षांपूर्वी अशीच एक कधी न ऐकलेल्या नावाची स्कूटर घेतली होती. सहा महिन्यांत त्या दुकानाला कुलूप लागलं आणि विकणाऱ्याचा फोन लागेनासा झाला. आता त्या स्कूटरच्या हँडलला शेजारची शेळी बांधलेली असते. येताजाता ती शेळी यादगिरींना दिसायची आणि दर वेळी त्यांना मंजुनाथपेक्षा स्वतःचीच काळजी वाटायची.

संस्कृतीचं मात्र अडलं होतं. होटगी रस्त्यावरच्या लॅबमध्ये तिला रक्त तपासायची नोकरी लागली होती. सकाळी सहाला हजर व्हायचं आणि त्या वेळी त्यांच्या भागातून ना बस, ना रिक्षा. सोमवारी ती वेळेवर पोचली नाही, तर जागा दुसऱ्या मुलीला जाणार होती. नावाजलेल्या कंपनीची गाडी आवाक्याबाहेर. ही आवाक्यातली, तर हिचं नाव कुणी ऐकलेलं नाही. पोरगी सीटवर हात ठेवून नुसती उभी होती. बापाला तो हात दिसत होता, म्हणून त्याची जास्तच चिडचिड होत होती.

यादगिरी खाली वाकले. चाकामागे हात घालून त्यांनी वायरी चाचपल्या. हात काळे झाले, सापडलं काहीच नाही. काहीच कसं सापडत नाही, याचाही त्यांना संशय आला.

"ऱ्हाऊ द्या," ते उठत म्हणाले. "मोठ्या कंपनीचीच घेऊ आमी. पुढच्या वर्षी." मग मुलीला घरच्या तेलुगूत म्हणाले, "पोदाम पा." चल, जाऊ. संस्कृतीने सीटवरचा हात काढून घेतला.

सिद्रामप्पांनी वाद घातला नाही. असली 'पुढची वर्षं' त्यांनी बरीच ऐकली होती. हात तरी धुऊन घ्या म्हणाले, मोरी दाखवली आणि कपाटातून एक कोरा टॉवेल काढून दिला. पांढराशुभ्र, जाड, कोपऱ्यात एका बड्या कंपनीचं सोनेरी लेबल.

हात पुसता पुसता यादगिरींची बोटं थांबली. टॉवेल चांगला आहे, असं ते सहज म्हणाल्यासारखं म्हणाले.

"कंपनीचा हाय की," सिद्रामप्पा खुलले. "हितं गल्लोगल्ली टॉवेल बनतात, पर आमी लोकल घेत न्हाय बगा. नाव म्हाईत न्हाय, तर भरवसा कुणाचा धरायचा?"

यादगिरींना एकदम लाज वाटली. हेच वाक्य सकाळपासून त्यांच्या मनात घोळत होतं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना ते इतकं लागेल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

त्यांनी टॉवेल दारातल्या उजेडात नेला आणि डावा काठ उलटून पाहिला. मग लेबलाच्या शिवणीत नख घातलं. चार टाके निघाले आणि सोनेरी लेबल त्यांच्या तळहातात आलं. ते त्यांनी टेबलावर ठेवलं. टॉवेल स्कूटरच्या सीटवर पसरला आणि काठातल्या निळ्या दोऱ्यावर बोट ठेवलं.

"हा दोरा माझा हाय. टॉवेल माझ्या मागावरचा. आता ह्याच्यावर कुणाचं नाव न्हाय," ते म्हणाले. "तरीबी तुमी वापरणार असला, तर मी ही गाडी नेतो."

सिद्रामप्पांनी लेबलाकडे पाहिलं, मग टॉवेलाकडे. टॉवेल उचलून त्यांनी उलटापालटा केला. एक दोरा चिमटीत धरून ओढून पाहिला, तो निघाला नाही. मग त्यांनी टॉवेल झटकून खांद्यावर टाकला आणि चावी संस्कृतीच्या हातात दिली.