पंख्यातली घरघर

कॉम्प्युटर घरघरायचा आणि लगेच बंद पडायचा. कौस्तुभचा अख्खा प्रबंध त्यातच होता आणि तो उद्या सादर करायचा होता. काल खंडेनवमीला कॉम्प्युटरची साग्रसंगीत पूजा त्याच्या आईनं, इंदुताईंनीच तर केली होती.

"कोणी हात लावला होता याला?" कौस्तुभ ओरडला. इंदुताईंनी लगबगीनं दुरुस्तीवाल्याला फोन लावून दिला.

"प्लग काढा, झाकण उघडा. पंख्यात काही अडकलंय का बघा," दुरुस्तीवाल्यानं फोनवर सांगितलं.

सून शर्वरी टेबलाखाली वाकली. झाकण उघडताच पंख्यातून तिच्या तळहातावर कुंकवानं माखलेल्या अक्षता आल्या. इंदुताईंनी डोळेच मिटून घेतले.

"काय निघालं गं?" कौस्तुभ खेकसला.

"धूळ," म्हणत शर्वरीनं मूठ मिटली. पंखा फिरू लागला, तशी ती सासूच्या कानाशी कुजबुजली, "पुढच्या वर्षी नुसतं फूल वाहा, आई."