अठरा किलोमीटरला एक तास

कामिनी गाडीवरून उतरते न उतरते तोच हेमराजने मीटर पाहून घेतलं. जाऊन-येऊन छत्तीस किलोमीटर. एकही जास्त नाही.

"उशीर झाला?"

"रस्त्यात ट्रॅक्टर होते."

"रोज?"

ती चप्पल काढून आत गेली. ओट्यावर बसलेल्या सुनंदाबाई मुलाकडे बघत म्हणाल्या, "रस्ता ते बठ्ठा नवा शे. मंग इतला येळ कसाले लागस तिले?"

हेमराज गावातल्या शाळेत गणित शिकवायचा. बायको भडगावला एका दवाखान्यात नर्स. अंतर अठरा किलोमीटर. चाळीसचा वेग धरला तरी सत्तावीस मिनिटं. ती सहाला सुटते, याची त्याने तिथल्या कंपाउंडरकडून खात्री करून घेतली होती. घरी येते सातला. म्हणजे सरासरी वेग ताशी अठरा. एवढ्यात तर सायकलवाला येतो. गाडी दुसरीकडे वळत नाही, हे मीटर सांगत होतं. म्हणजे ती वाटेत थांबते. अर्ध्या तासाहून जास्त. कोणासाठी?

ती भाकरी थापत असताना त्याने तिची पर्स उघडली, फोनमधले नंबर पाहिले. काही सापडलं नाही. त्यामुळे संशय जास्तच वाढला.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या चुडामणची मोटारसायकल मागून तो भडगावला गेला आणि हेल्मेट घालून दवाखान्यासमोरच्या रसवंतीआड उभा राहिला. सहाला कामिनी बाहेर आली. सोबतच्या नर्सशी बोलता बोलता मोठ्याने हसली. तिला असं हसताना त्याने बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. त्याने तेही हिशेबात धरलं.

गाव मागे पडल्यावर तिने पन्नासचा वेग घेतला. तो अंतर राखून मागे. ढाब्यापाशी थांबेल, असं त्याला वाटलं. थांबली नाही. पंपावरही नाही. मग ती हळू होत गेली; त्याच्या गाडीचा काटा तिसावर आला, विसावर आला. आपल्याला ओळखलं की काय? पण तिने आरशात एकदाही पाहिलं नाही.

पुढे कडब्याने भरलेली एक बैलगाडी चालली होती. रस्ता मोकळा होता, तरी कामिनीने ती ओलांडली नाही. बैलांच्या चालीने मागे मागे जात राहिली. हेमराजला पाय टेकत टेकत गाडी सांभाळावी लागली.

बैलगाडी शेताकडे वळली. गावाच्या तोंडाशी, लिंबाखाली, कामिनी थांबली.

हेमराजही लांबच थांबला. येणाऱ्याला काय बोलायचं, ते त्याने वाटेत जुळवून ठेवलं होतं. पण कोणी आलं नाही. दोन्ही हात हँडलवर ठेवून ती नुसतीच बसून होती. समोर त्यांच्या घराची गच्ची दिसत होती.

शेवटी त्याने फोन लावला.

"कुठे आहेस?"

"गावाजवळ. आलेच."

"काय करतेस?"

तिने एकदा गच्चीकडे पाहिलं. "काही नाही. निघाले."

फोन पर्समध्ये टाकून ती खाली उतरली. गाडी सुरू न करता हाताने ढकलत घराकडे चालू लागली.