आईच्या खोलीची फरशी

यतीन तळहात टेकवत हॉलभर रांगत होता. सोफ्यापाशी ऊब होती, जेवणाच्या टेबलाखाली ऊब होती. आईच्या खोलीच्या उंबऱ्याशी मात्र हाताला बर्फासारखी फरशी लागली.

"परत?" त्याच्या बायकोने, स्वरदाने विचारलं.

"परत. तिसऱ्यांदा."

जॉन्सनव्हिलमधलं हे घर त्यांनी घेतलं होतं ते या फरशीच्या मोहानेच. खाली नळ्यांची वेटोळी, त्यांतून गॅसवर तापलेलं पाणी फिरायचं. बाहेर सदर्लीने, दक्षिणेकडच्या बोचऱ्या वाऱ्याने, खिडक्या खडखडत असल्या तरी घरात अनवाणी हिंडता यायचं. जगाच्या या टोकाला हिवाळा जूनमध्ये सुरू व्हायचा. या जूनपासून एकाच खोलीत ऊब पोचेनाशी झाली होती, आणि ती नेमकी आईची खोली.

आईला, शांताबाईंना, आदल्या हिवाळ्यात पक्षाघात झाला होता. उजवं अंग गेलं, बोलणंही गेलं. आता याहून फारशी सुधारणा व्हायची नाही, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं. यतीन-स्वरदा दोघंही नोकरीवर. आईचं सगळं बाबा करायचे, आणि बाबांनाच आता जिना चढताना धाप लागायची. शेवटी रेस्ट होममध्ये, म्हणजे आजारी वृद्धांची देखभाल करणाऱ्या निवासात, एक खोली मिळाली. शनिवारी आईला तिकडे न्यायचं होतं.

बाबा त्यावर एवढंच म्हणाले होते: "शनिवारी का? बरं."

"निदान तोवर तरी तिला उबेत राहू दे," यतीन म्हणाला आणि गिझरच्या कपाटात शिरला. तिथे भिंतीवर एक पितळी पट्टी होती. घरातल्या प्रत्येक खोलीची नळी तिथून फुटायची आणि प्रत्येक नळीला एक व्हॉल्व्ह. आईच्या खोलीच्या नळीवरचा काटा शून्यावर होता. म्हणजे पाणी जातच नव्हतं.

बाबा मागे टॉर्च धरून उभे राहिले.

"व्हॉल्व्हची ही टोपी बघा बाबा. मी पूर्ण उघडून ठेवतो आणि ही आपोआप बंद होते. बहुतेक आतला आटा गेलाय. पाण्याच्या धक्क्याने फिरत असेल."

"असेल," बाबा म्हणाले. "पण तू कशाला एवढा त्रास घेतोस? आम्हाला चालतंय."

"तुम्हाला चालतंय हो. आई कुठे सांगू शकते?"

बाबांनी टॉर्च दुसऱ्या हातात घेतला.

यतीनने नळीतली हवा काढली, टोपी फिरवून उघडली. काटा वर चढला. सकाळी आईची फरशी कोमट होती. संध्याकाळी तो ऑफिसातून आला तेव्हा पुन्हा गार.

शुक्रवारी त्याने अर्धी रजा टाकली. ऑफिसातल्या विरेमूकडे उष्णता दाखवणारा कॅमेरा होता. "स्वीट ॲज, चालेल की. सोमवारी आण," म्हणून त्याने तो लगेच काढून दिला. नळी कुठे तुंबलीय का, ते फरशी न फोडता कळणार होतं.

दुपारी घरात शिरून यतीनने कॅमेरा सुरू केला आणि जागच्या जागी थबकला.

हॉलच्या फरशीवर सोनेरी वेटोळी उमटली होती. एकामागून एक, न थकता, भिंतीला जाऊन परत फिरणारी. सहा वर्षं तो या फरशीवरून चालत होता. पायाखाली एवढं काही जागं असतं हे त्याला ठाऊक होतं, पण दिसलं नव्हतं. तो श्वास रोखून पावलापावलाने पुढे सरकला. वेटोळी आईच्या दाराशी येऊन थांबली. पुढे काळोख.

त्याने दारावर टकटक केली.

"कोण?" आतून बाबांचा आवाज आला. जरा दचकलेलाच.

"मीच, बाबा. लवकर आलो."

"थांब. हिचे कपडे बदलतोय."

बराच वेळ गेला. आत काहीतरी घासल्यासारखा आवाज झाला, मग पलंग करकरला. बाबांनी दार उघडलं. त्यांना धाप लागली होती. आई गळ्यापर्यंत पांघरूण घेऊन, डोळे मिटून पडली होती.

"झोपलीय," बाबा म्हणाले.

"मी फक्त फरशी बघतो."

त्याने कॅमेरा खाली वळवला. निळा-काळा चौकोन, नळीची एक रेघही नाही. हात खिडकीकडे फिरवला आणि तिथेच थांबला.

त्या काळोखात खिडकीपासून पलंगापर्यंत पावलांची ऊब उजळली होती. अनवाणी पावलांच्या दोन जोड्या, समोरासमोर, अंगठ्याला अंगठा भिडवून. मोठी पावलं उलटी, टाचेकडून मागे मागे येत होती. लहान पावलं त्यांच्याकडे तोंड करून पुढे. लहानांतलं डावं स्वच्छ उमटलेलं, पाचही बोटांसकट. उजव्याच्या जागी लांब फरपट. पलंगाजवळ मात्र उजवंही उमटलं होतं. एकदाच, पण पुरं.

कॅमेऱ्यात ती पावलं खिडकीकडून एकेक करून विझत होती. यतीनला पापणी मिटवेना.

"बाबा, तुम्ही आईला चालवता?" त्याने विचारलं.

"सांगितलं असतं तर पडेल म्हणून तुम्ही थांबवलं असतं," बाबा म्हणाले.

"पण एवढ्या गारठ्यात? थांबा, मी आधी तो व्हॉल्व्ह दुरुस्त..."

"व्हॉल्व्ह बिघडलेला नाही, यतीन. मीच बंद करतो."

यतीनला काही उमजेना. तो दाराकडे वळला तेव्हा पांघरुणातून आवाज आला. जड, अडखळता, वर्षभर या घरात कुणीच न ऐकलेला.

"राहू दे रे," आई म्हणाली. "गार... उजव्या पायाला... कळतंय."