शिट्टीनंतरचं वाचन

आवाज घुमू नये म्हणून गोधड्या लावलेल्या कपाटात तोंड घालून हे वाचत होते. स्वामित्वहक्क संपलेल्या एका जुन्या इतिहासग्रंथाचं आठ स्वयंसेवक मिळून बोलतं पुस्तक करत होते, आणि शेवटचं प्रकरण ह्यांच्या वाट्याला आलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांचं कॅन्सरचं ऑपरेशन होतं. स्वरयंत्र काढणार होते.

शेजारच्या कुकरची शिट्टी झाली. ह्यांनी नेहमीसारखं फोनवरचं रेकॉर्डिंग थांबवलं आणि शिट्ट्या संपल्यावर पुढे वाचायला लागले. आवाज चिरकत होता, दर ओळीला पाणी लागत होतं, तरी दीड तास उठले नाहीत. मी स्वयंपाकघरात भांड्याला भांडं लागू न देता उभी होते. वर्षभराची सवय. शेवटी ह्यांनी बटण दाबलं आणि बाहेर आले.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी सबनीसबाईंचा फोन आला. गटाची रेकॉर्डिंग त्याच तपासत.

"वहिनी, शिट्टीनंतर वाचनच नाही हो. पुन्हा चालू करायचं राहिलं बहुतेक. शेवटी दाबलं तेव्हा चालू झालंय. त्यात फक्त तुमच्याशी बोललेत."

हॉस्पिटलात मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी पाटीवर लिहिलं, 'पुसून टाक. सबनीसांना वाचू दे.' मी मान हलवली.

घरी येऊन कपाटात तोंड घातलं आणि ह्यांच्या फोनवरचं ते रेकॉर्डिंग कानाला लावलं.

"संपलं गं. आता वाजव भांडी, हवी तेवढी."