पाच गिअर

गॅरेजच्या फरशीवरच्या दोन गिअरबॉक्सपैकी मोठ्यावर हात ठेवत रणधीरनं बाबूलाल मिस्त्रींना विचारलं, "ह्यात गिअर किती?"

"पाच. पण मालक, ह्यो पुढं इंजिन असलेल्या गाडीचा हाय. तुमचं नवं इंजिन बसलंय सीटच्या मागं. ह्यो उलटा फिरवून लावला, तर..."

"पाच ना? मग लाव!"

दुसरा ऑटोमॅटिक होता, आणि ऑटोमॅटिक ही म्हाताऱ्यांची सोय, असं रणधीरचं ठाम मत होतं. मिस्त्रींनी पाचवालाच लावला.

दसऱ्याला अख्खी गल्ली जमली. लाल स्पोर्ट्स कारला झेंडूचा हार, चारही चाकांपुढं लिंबं. बायकोनं गाडी ओवाळली. रणधीरनं ऐटीत पहिला गिअर टाकला आणि गाडी मागं गेली. गडबडून दुसरा टाकला, तर आणखी जोरात मागं जाऊन शेजाऱ्यांच्या कुंड्यांवर चढली. लिंबं होती तिथंच.

"मालक, पुढं जायचं असंल तर रिव्हर्स टाका!" मिस्त्री ओरडले.

रिव्हर्स टाकल्यावर गाडी रांगत पुढं आली आणि लिंबं एकदाची फुटली. कुणी हसायच्या आत रणधीरनं काच खाली केली.

"पुढं काय, सगळेच जातात! मागं जाण्यात अख्ख्या कोल्हापुरात आपला हात कोण धरतोय, दाखवा!"